भुवया, नेलपेंट, गंगावन: इस्लाममध्ये नेमकं काय चालतं?

खाडीकाठ

दुसऱ्या एका धाग्यावर "मुस्लिम बायकांना पार्लर बंद असतं ना?" असा प्रश्न आला आणि खाली ज्याला जे सुचलं ते त्याने लिहिलं. तिथे अवांतर नको म्हणून इथे लिहिते.

पार्लर बंदबिंद काही नसतं. आमच्याकडे लग्नसराईत पार्लरवालीची वेळ मिळवायला वशिला लागतो. पण काय चालतं नि काय नाही याचे मसले (धर्मनियमांचे प्रश्न) आहेत आणि त्यांवर शेकडो वर्षं भवति न भवति झालेली आहे. ती आपल्यापर्यंत येतच नाही. येतो तो एका ओळीचा फॉरवर्ड: भुवया हराम, नेलपेंट हराम, केस कापणं हराम.

यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ एका हदीसीत (पैगंबरांच्या उक्ती-कृतीच्या कथनात) आहे. अब्दुल्ला इब्न मसऊद हे पैगंबरांचे अगदी सुरुवातीचे सोबती. त्यांनी सांगितलं की गोंदणाऱ्या, गोंदवून घेणाऱ्या, चेहऱ्यावरचे केस उपटून घेणाऱ्या आणि सुंदर दिसण्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या बायकांवर लानत (शाप) आहे, कारण त्या अल्लाहने घडवलेलं बदलतात. (हो, दातांत फटी. पुढच्या दातांतली बारीक फट हे तरुणपणाचं लक्षण समजत, म्हणून वय झालेल्या बायका दात घासून घेत.)

बनू असद कबिल्यातल्या उम्मे याकूब नावाच्या बाईच्या हे कानावर गेलं. ती तडक त्यांच्याकडे गेली. म्हणाली, मी कुराण पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत वाचलंय, त्यात हे कुठे आहे? त्यांनी सूरह हश्रमधली ७वी आयत सांगितली: रसूल जे देतील ते घ्या, ज्यापासून रोखतील त्यापासून थांबा. बाईचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. म्हणाली, मला वाटतं तुमची बायकोच हे करते. ते म्हणाले, आत जा आणि बघून ये. ती खरंच आत गेली, बघितलं, तसं काही आढळलं नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हा प्रसंग आहे. फॉरवर्डमध्ये लानत येते, प्रश्न विचारणारी बाई येत नाही.

दुसरी हदीस गंगावनाची. एका नव्या नवरीचे आजारात केस गेले. आईने विचारलं, जोड लावू का? उत्तर नाही असं आलं. केस जोडणारी आणि जोडून घेणारी दोघींवर लानत.

आता खरी गंमत इथून पुढे. मनाई आहे हे सगळे मानतात, पण *का* आहे यावर एकमत नाही. काही म्हणाले, निर्मिती बदलते म्हणून. काही म्हणाले, समोरच्याची फसवणूक होते म्हणून. हंबली विद्वान (सुन्नींच्या हनफी, शाफई, मालिकी, हंबली अशा चार विचारशाखा) इब्न जौझी यांनी तर अशीही शक्यता मांडली की त्या काळी ती बदनाम बायकांची खूण होती म्हणून. ज्याने जे कारण धरलं त्याप्रमाणे पुढचा निकाल फिरतो. फसवणूक हे कारण असेल तर नवऱ्याला माहीत असताना केलेल्या गोष्टीत फसवणूक कसली? निर्मिती बदलणं हे कारण असेल तर मग मेंदी, कान टोचणं, सुरमा कसा चालतो?

मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही. घरात किताबं होती, आजोबा वाचून दाखवत, तेवढंच भांडवल. चुकलं तर जाणकारांनी सांगावं.

रोखठोक

सातव्या शतकातल्या वाळवंटी फॅशनवर एकविसाव्या शतकात धागा. धन्य. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अबोली

बसा हो, पण मधे मधे कुरकुर नको 😀

खाडीकाठ, छान लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न. आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण महिन्यातून चार-पाच दिवसच नेलपेंट लावते आणि मग पुसून टाकते. मला वाटायचं हौस. यामागे काही मसला आहे का?

खाडीकाठ

@अबोली, आहे, पण तो वरच्या हदीसीशी संबंधित नाही. हा पाण्याचा हिशेब. नमाजाआधी वजू (हात-तोंड-पाय धुऊन शुद्ध होणं) करावा लागतो, त्यात हात कोपरापर्यंत धुवायचे, पाणी कातडीला आणि नखाला लागलं पाहिजे. एका माणसाच्या पायावर नखाएवढी जागा कोरडी राहिली होती, तर पैगंबरांनी त्याला परत जाऊन नीट वजू करायला सांगितलं. मग अख्खी दहा नखं कोरडी राहिली तर कसं चालेल? पाळीत नमाज माफ असते, वजूचा प्रश्नच नाही, म्हणून मुली त्या दिवसांत हौस भागवतात. पाळी संपली की गुसल (शुद्धीचं स्नान) करायच्या आधी रिमूव्हर.

म्हणजे नेलपेंट मुळात हराम नाही. लावून केलेला वजू होत नाही, एवढंच. सौदीतले कडक समजले जाणारे शेख इब्न उसैमीन यांनीही साधारण असंच सांगितलंय, की नमाज पढणाऱ्या बाईने लावू नये, पाळीत लावायला त्या कारणाने हरकत नाही. मेंदी चालते कारण तिचा रंग उतरतो, थर राहत नाही. हनफी किताबांत तर कणकेवर चर्चा आहे! पीठ मळताना नखावर कणिक वाळून बसली तर वजू होतो का, नखात माती गेलेल्या शेतकऱ्याचं काय, रंगाऱ्याच्या हाताचं काय. माती आणि रंगाऱ्याच्या डागाला सवलत आहे, वाळल्या कणकेवर मतभेद आहेत.

केमिस्टकाकू

माझ्या आवडीचा विषय आला. सौंदर्यप्रसाधनांच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं.

पोलंडच्या इंग्लॉट कंपनीने हवा आणि पाण्याची वाफ आरपार जाऊ देणारं नेलपेंट काढलं होतं. नखांच्या आरोग्यासाठी म्हणून, धर्माशी काही देणंघेणं नाही. त्याच्या बहुलकाची (पॉलिमरची) रचना कॉन्टॅक्ट लेन्ससारखी, असा त्यांचा दावा. पण मुस्लिम बायकांत बातमी पसरली आणि खप उसळला. कॅलिफोर्नियातल्या मुस्तफा उमर या अभ्यासकांनी ते कॉफी गाळायच्या कागदावर लावून, वरून पाणी टाकून, बोटाने दाबून बघितलं. खालचा कागद ओला झाला. हे साधारण २०१२-१३चं. त्यानंतर 'हलाल नेलपेंट'चं पेवच फुटलं.

माझं मत विचाराल तर सावध राहा. कागद म्हणजे नख नव्हे. शिवाय दाबून पाणी जाणं आणि वजूत दोन सेकंद पाणी वाहणं यात फरक आहे. दोन हात मारले की थर जाड होतो आणि वाफेचा वेगही बदलतो. बाटलीवर 'ब्रीदेबल' लिहायला काय जातं? बऱ्याच मुफ्तींनी यावर हात राखूनच मत दिलंय, आणि केमिस्ट म्हणून मी त्यांच्या बाजूने आहे.

लिपस्टिकचा वेगळाच प्रश्न. लाल रंगातला कारमाइन हा किड्यांपासून काढतात, पाकिटावर ई १२० लिहिलेलं असतं. हनफींना ते चालत नाही, आणि आपल्याकडच्या जैन बायकांनाही नाही. अहमदाबादला २०१४ मध्ये दोन गुजराती बहिणींनी 'इबा' नावाचा हलाल ब्रँड काढला, तो म्हणूनच शाकाहारीही आहे. इंडोनेशियाने २०१४च्या कायद्याने हलाल प्रमाणपत्र सक्तीचं करायला घेतलं, टप्प्याटप्प्याने, त्यात प्रसाधनंही येतात. आमच्या क्षेत्रात त्यामुळे कच्च्या मालाची कागदपत्रं मागायची शिस्त आली, हे मात्र खरं. ग्लिसरीन प्राण्याचं की पामतेलाचं, हे पूर्वी कोण विचारत होतं?

अवांतर: मेंदी चालते म्हणून 'काळी मेंदी' लावू नका, कुठल्याही धर्माच्या असा. मेंदीचा रंग काळा नसतोच. त्यात पीपीडी हे केसांच्या डायमधलं रसायन कातडीवर थेट लावतात. फोड येतात, डाग राहतात.

जुना वाडा

देवबंदच्या फतव्याबद्दल कुणी लिहिलं नाही. ऑक्टोबर २०१७. सहारनपूरच्या एका गृहस्थाने विचारलं की माझ्या बायकोने केस कापले, भुवया कोरल्या तर चालेल का. दारुल उलूम या देवबंदच्या मदरशाने नाही म्हणून सांगितलं. आपल्याकडच्या वाहिन्यांनी दोन दिवस तेच दळण दळलं. पुढच्या वर्षी नेलपेंटचं.

माझा प्रश्न असा, की विचारलं नवऱ्याने, उत्तर दिलं मौलानांनी, बाई यात कुठे आहे?

मुक्ता

जुना वाडा, +१००. नेमकं हेच.

रोखठोक

चला, आता हमीद दलवाईंचं नाव येईल.

जुना वाडा

येणारच. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे दलवाई खाडीकाठ यांच्याच मुलखातले. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, पण त्यांचा भर तलाक, बहुपत्नीत्व, समान कायदा यांवर. भुवयांकडे वळायला त्यांना सवड नव्हती आणि बरंच झालं.

खाडीकाठ

@जुना वाडा, फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं मत. न मागता कुणी देत नाही आणि देवबंदकडे तो लागू करायला पोलीस नाहीत. सहारनपूरच्या त्या गृहस्थाने स्वतः जाऊन विचारलं, हे वाहिन्या सांगत नाहीत. पण "बाई कुठे आहे" हा तुमचा प्रश्न रास्त आहे, त्यावर खाली येते.

आधी केस कापण्याचं. सहीह मुस्लिममध्ये अबू सलमा यांचं कथन आहे की पैगंबरांच्या बायका आपले केस कानापर्यंत येतील इतके कमी करत. शाफई विद्वान नववी यांनी त्यावरून बायकांनी केस आखूड करणं जायज ठरतं असं लिहिलंय. देवबंदची मंडळी 'पुरुषांसारखं दिसणं' हे कारण धरून मनाई करतात. दोन्ही बाजूंना किताबं आहेत.

आता भुवया. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. घाटावरचे, मराठवाड्यातले बहुतेक हनफी. व्हॉट्सअॅपवर येतं ते बहुतेक उत्तरेकडून, हनफी, नाहीतर आखातातून. कोकणातल्या बायका आपला मजहब (विचारशाखा) कोणता हे न बघता ते पुढे ढकलतात. शाफई नववींचं म्हणणं असं की बाईला दाढी-मिशी उगवली तर ती काढणं उलट चांगलं, मनाई भुवयांची आणि चेहऱ्याच्या कडेची. कित्येक शाफई ग्रंथांत 'नवऱ्याच्या परवानगीने चालतं' असंही आहे. हंबली इब्न कुदामा म्हणतात, हदीस उपटण्याबद्दल आहे, वस्तऱ्याने काढले तर हरकत नाही. (म्हणजे थ्रेडिंग नको, रेझर चालेल! पार्लरवाली हसेल.) हनफी इब्न आबिदीन, दमास्कसचे, १८३६ साली वारले, त्यांनी लिहिलंय की चेहऱ्यावरच्या केसांमुळे नवऱ्याला नकोसं वाटत असेल तर ते काढणं हराम म्हणणं दुरापास्त आहे. आणि या सगळ्यांच्या दुसऱ्या टोकाला जुने विद्वान तबरी: जादा दात आला तरी काढू नये!

नथीबद्दलही याच इब्न आबिदीन यांचं मत फार कामाचं. कान टोचण्याला आधार आहे, ईदच्या दिवशी बायकांनी कानातली काढून पैगंबरांचे सोबती बिलाल यांच्या कपड्यात दानात टाकली अशी हदीस आहे. नाकाचं तसं काही नाही. ते म्हणतात, ज्या मुलखात बायका नाकात दागिना घालतात तिथे नाक टोचणं कान टोचण्यासारखंच. रिवाजाला एवढी जागा आहे.

मुक्ता

सगळं वाचलं. 'नवऱ्याच्या परवानगीने', 'नवऱ्याला नकोसं वाटत असेल तर'. भुवया माझ्या, सात-बारा त्याच्या नावावर?

खाडीकाठ

मुक्ताताई, हसले, पण तुमचा मुद्दा टाळत नाही. हे सगळे लिहिणारे पुरुष होते आणि त्यांच्या डोक्यात बाईचं नटणं म्हणजे नवऱ्यासाठी नटणं हेच होतं. अविवाहित मुलीने काय करावं यावर त्यांच्याकडे फार कमी आहे, आणि आज थ्रेडिंग करणाऱ्यांत त्याच जास्त. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांचं एक कथन मात्र मला वेगळं वाटतं. एका तरुणीने कपाळावरचे केस नवऱ्यासाठी काढण्याबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, त्रासदायक असेल ते जमेल तेवढं दूर कर. तरुणीने नवऱ्याचं नाव काढलं, आयेशांनी तिच्या त्रासाकडे बघितलं. अर्थात सनदेवरून (कथन कुणाकडून कुणाकडे आलं त्या साखळीवरून), संदर्भावरून यावर वाद घालता येतो.

वाळवंटी

शारजाहून. इथे सगळ्या देशांच्या बायका एका पार्लरमध्ये, त्यामुळे सगळी मतंही एकाच आरशासमोर.

इथली युक्ती सांगतो (बायकोकडून कळलेली): भुवया उपटायच्या नाहीत, वरचे-खालचे केस ब्लीच करायचे. लांबून कोरल्यासारख्या दिसतात. सौदीच्या फतवा समितीने हेही नको म्हटलं, इब्न उसैमीन यांनी हरकत नाही म्हटलं. म्हणजे तिथेही एकवाक्यता नाही.

शस्त्रक्रियेवर मात्र बऱ्यापैकी सहमती आहे. आधार पैगंबरांचे सोबती अरफजा यांचा. लढाईत नाक गेलं, चांदीचं बसवलं, त्याला दुर्गंधी यायला लागली, तेव्हा पैगंबरांनी सोन्याचं बसवायला सांगितलं. पुरुषांना सोनं मना असताना. म्हणून भाजलेलं, अपघातातलं, दुभंगलेला ओठ, हे सगळं चालतं. २००७ मध्ये मलेशियात पुत्रजाया इथे आंतरराष्ट्रीय फिक्ह (इस्लामी धर्मकायदा) अकादमीने ठरावच केला: व्यंग दूर करण्यासाठी हो, निव्वळ रूप बदलण्यासाठी नाही. मलेशियाच्या फतवा समितीने २००६ मध्ये बोटॉक्सलाही नाही म्हटलं.

आणि गंमत म्हणजे सौदीत बोटॉक्सवरून सर्वांत मोठा गाजावाजा उंटांचा झाला. राजा अब्दुलअझीझ उंट महोत्सवात सौंदर्यस्पर्धा असते, बक्षिसं कोट्यवधींची. २०१८ मध्ये १२ उंट बाद झाले, २०२१ मध्ये चाळीसपेक्षा जास्त. ओठ फुगवले होते. कुराणात (४:११९) सैतान म्हणतो की मी माणसांना गुरांचे कान कापायला लावीन, निर्मिती बदलायला लावीन. ते वाचून हे उंट आठवले.

रोखठोक

उंटांचा प्रतिसाद आवडला. आता गंभीरपणे: हे सगळे बारकावे ठीक, पण सत्ता हातात आली की बारकावे कुठे राहतात? तालिबानने काय केलं?

संपादक

विषय धरून लिहिल्याबद्दल आभार. एका आयडीचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. समाजावर सरसकट शेरे नकोत.

खाडीकाठ

@रोखठोक, हा तुमचा पहिला प्रतिसाद ज्याला मनापासून उत्तर द्यावंसं वाटतंय.

जुलै २०२३ मध्ये तालिबानने पार्लर बंद करायला एक महिना दिला. त्यांच्या मंत्रालयाने कारणं दिली ती ओळखीची: भुवया कोरणं, दुसऱ्याचे केस जोडणं, मेकअपमुळे वजू न होणं. वर एक, लग्नात पार्लरचा खर्च नवरदेवाच्या घरच्यांवर पडतो. तिथल्या महिला व्यापारी संघटनेच्या अंदाजाने १२,००० पार्लरं आणि ६०,००० बायकांचा रोजगार. काबूलमध्ये बायका रस्त्यावर उतरल्या तर हवेत गोळ्या झाडून पांगवल्या.

तालिबानही हनफीच. इब्न आबिदीन यांची किताब त्यांच्याही मदरशांत शिकवतात. पण वजू न होणं हा बाईचा आणि अल्लाहचा मामला. चौदाशे वर्षांत कुठल्या फकीहाने (धर्मकायद्याच्या जाणकाराने) म्हटलं की थर काढायला रिमूव्हर न देता दुकानाला कुलूप लावा? फेशियल, मेंदी, केस धुणं, यांना तर कुणाचीच हरकत नाही, तीही दुकानाबरोबर गेली. बायकांना घराबाहेर भेटायला उरलेली ती शेवटची जागा होती आणि माझ्या मते तेच खरं कारण.

अबोली

गोंदणाचं राहिलं. माझ्या आजीच्या हातावर तुळस होती. लहानपणी गोंदलेलं असेल तर नमाज होत नाही असं मैत्रीण म्हणाली, खरं का?

खाडीकाठ

होते. हा गैरसमज फार पसरलेला आहे. जुने शाफई म्हणत की कातडीखाली रंगाबरोबर रक्त कोंडलं जातं म्हणून जागा नापाक, इजा न होता निघत असेल तर काढावं. हनफींच्या मते धुतलं की पाक. इजा होणार असेल तर काढायची सक्ती दोघांकडेही नाही, आणि नकळत्या वयात कुणी गोंदलं असेल तर त्या मुलीवर गुन्हाही नाही. अल्जीरियाच्या औरेस डोंगरात अमाझीग (बर्बर) म्हाताऱ्यांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असतं. आता त्यांतल्या काही जणी पापाच्या भीतीने दानधर्म करतात. त्यांना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

हल्लीचं मायक्रोब्लेडिंग (भुवयांत बारीक रेघांनी रंग भरणं) मात्र बहुतेक जण गोंदणातच धरतात, सुई आणि रंग आले म्हणून.

निशिगंध

नेहमी वाचनमात्र असते, आज गरज आहे म्हणून लिहिते. आमच्या मजल्यावरच्या खालांची (मुस्लिम मावशींची) केमो चालू आहे, केस सगळे गेले. विग घेऊ या म्हटलं तर त्या म्हणतात, हदीस आहे, नको. त्या नवरीचीच असावी. त्यांना काय सांगू? मी हिंदू, माझं त्या का ऐकतील?

खाडीकाठ

निशिगंध, हदीस तीच, म्हणून त्यांचा संकोच समजतो. पण मनाई प्रामुख्याने माणसाच्या केसांची आहे. लोकर, रेशीम, इतर धागा यांना हनफींनी जुन्या काळापासून जागा ठेवलीय. शाफईंकडेही माणसाचे नसलेले, पाक केस नवऱ्याच्या संमतीने चालतात. (मुक्ताताई, माफी.) शिवाय आजारातून आलेलं व्यंग झाकणं याला आजचे बरेच मुफ्ती अरफजांच्या नाकाच्या बाजूला बसवतात, नवरीच्या जोडाच्या बाजूला नाही. घरात त्यांना विग नको असेल तर नको. ओढणी आहेच.

तुम्ही सांगू नका. त्या कोणत्या मशिदीच्या जमातीतल्या आहेत ते बघून तिथल्या मौलानांना त्यांच्याच मुलाकडून विचारा, आणि प्रश्नात 'केमो' आणि 'सिंथेटिक' हे दोन शब्द घाला. नुसतं 'विग चालतो का' विचारलं तर नुसतं 'नाही' येईल.

निशिगंध

आजच मुलाला सांगते. आभार.

केमिस्टकाकू

सिंथेटिक घेणार असाल तर आतली टोपी सुती बघा, केमोत टाळू हुळहुळी होते. वजूत मसह (डोक्यावरून ओला हात फिरवणं) करताना काढावाच लागेल, तेव्हा चिकटवायचा नको, पट्टीचा घ्या. आणि खालांना सांगा, तो घालून गॅसपाशी उभं राहू नका, कढईच्या वाफेनेसुद्धा पुढचे केस आक्रसतात.